वढूचा प्रश्न

प्रस्तावना

वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातलं गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. म्हातारपण आणि आरोग्य यांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या संशोधकांना ते आणखी एका कारणाने माहीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९७०च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने इथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावातल्याच माणसांना शिकवायचं, त्यांनाच आरोग्याच्या कामाला लावायचं आणि दवाखाना लोकांच्या दारापर्यंत न्यायचा, ही त्यांची रीत. १९९३ साली कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घरोघरी नोंदी ठेवायला सुरुवात झाली. कोण जन्मलं, कोण वारलं, कोण लग्न होऊन आलं, कोण कामासाठी गाव सोडून गेलं, हे वर्षातून दोनदा उंबऱ्यावर जाऊन विचारायचं. इतकी वर्षं इतक्या चिकाटीने ठेवलेल्या अशा वह्या देशात फार थोड्या ठिकाणी सापडतील.

२००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धत्वविषयक अभ्यासात वढूचा समावेश झाला. आशिया आणि आफ्रिकेतल्या आठ देशांत, घानापासून व्हिएतनामपर्यंत, अशाच नोंदी ठेवल्या जाणाऱ्या गावांमधून आणि वस्त्यांमधून पन्नाशी गाठलेल्या ४६ हजारांहून अधिक माणसांना काही प्रश्न विचारले गेले. वढूच्या पंचक्रोशीत अशी माणसं पाच हजारांच्या वर होती. प्रश्नांमधला एक अगदी साधा होता: एकंदरीत आज तुमची तब्येत कशी आहे? उत्तरं पाच, खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट. या प्रश्नासाठी रक्त काढावं लागत नाही, यंत्र लावावं लागत नाही. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने जे सांगितलं ते लिहून घेतलं गेलं. घरोघरच्या फेऱ्या पुढेही चालूच होत्या, त्यामुळे यांच्यापैकी कोण केव्हा वारलं तेही कळत गेलं. या सगळ्याचा मेळ घालून २०१२ मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यावर विचार करावा तेवढा थोडा आहे. आपली तब्येत वाईट आहे असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांना पुढच्या वर्षांत मृत्यूचा धोका जास्त होता. वय आणि अपंगत्व हिशेबात धरूनही तो जास्तच राहिला. पुरुषांमध्ये हे नातं अधिक ठळक दिसलं.

हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं आहे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक, बचत गटांच्या बायका, गावातले डॉक्टर आणि आपल्या आईबापांची काळजी वाटणारी तरुण पोरं यांनी ते वाचावं म्हणून लिहिलं आहे. मनाच्या सुखदुःखाचा शरीराशी काय संबंध आहे, तो कुठे पक्का आहे, कुठे फसवा आहे आणि त्याचं गावपातळीवर काय करता येईल, एवढाच त्याचा विषय.

असा संबंध असतो हे गावाला कुणी शिकवायची गरज नाही. पोराच्या धसक्याने म्हातारी गेली, कर्जाच्या घोराने माणूस वाळला, लेक नांदायला लागल्यापासून तिच्या आईचं दुखणं पळालं, अशी वाक्यं पारावर रोज बोलली जातात. प्रश्न एवढाच आहे की त्यांतलं किती खरं. तपासायला गेलं की गोष्ट वाटते तितकी सरळ राहत नाही.

आधी पुराव्याची भक्कम बाजू सांगतो. १९९१ साली शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ३९४ धडधाकट माणसांच्या नाकात, त्यांच्या संमतीने, सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले. त्याआधी प्रत्येकाला विचारून घेतलं होतं की गेल्या वर्षात आयुष्यात काय काय घडलं, डोक्यावर किती ताण आहे. विषाणू सगळ्यांच्या नाकात गेला, पण सर्दी सगळ्यांना झाली नाही. ज्याच्या मनावर ओझं जास्त, त्याला संसर्ग होण्याची आणि सर्दी होण्याची शक्यता जास्त. आणि हे प्रमाण ओझ्याबरोबर पायरीपायरीने चढत गेलं. चार वर्षांनी अमेरिकेत जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी जखमांवर अभ्यास केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, पण असं ओझं नसलेल्या १३ बायका त्यांनी निवडल्या. सगळ्यांच्या हातावर सारख्याच आकाराची अगदी लहानशी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. बायका थोड्याच होत्या, त्यामुळे या एका अभ्यासावर इमले बांधू नयेत. पण आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं किंवा आईचं सगळं करणारी सून किंवा लेक ज्या घरात आहे, त्या घराने हे नऊ दिवस लक्षात ठेवावेत. तिचं दुखणं कुणी विचारत नाही, कारण दुखणाईत दुसरंच कुणीतरी असतं.

शरीरात हे घडतं कसं, त्याचा धागा आता बऱ्यापैकी हाती लागला आहे. धोका दिसला की मेंदूतून निरोप सुटतो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आधी ॲड्रेनालिन आणि मग कॉर्टिसॉल सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात ओतू लागतं, पचन थांबतं. समोर साप असेल तर हे सगळं जीव वाचवणारं आहे. साप गेला की सगळं खाली यायला हवं. पण ज्या भीतीला शेवट नाही, बँकेचा हप्ता, पोरीचं लग्न, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याच्या पावलांचा आवाज, तिथे शरीर खाली उतरतच नाही. साखर आणि दाब चढलेलेच राहतात. रोगांशी लढणाऱ्या पेशींचं काम बिघडतं, अंगात बारीक दाह धुमसत राहतो, रक्तवाहिन्यांची आतली भिंत खराब होते. रात्री झोपेत निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो, ही हृदयाची रोजची विश्रांती. झोप मोडली की तीही हुकते. दुसरी वाट आणखी साधी आहे. खचलेला माणूस गोळ्या वेळेवर घेत नाही, तंबाखूची पुडी लवकर संपवतो, जेवण टाळतो किंवा नको तेवढं खातो, दवाखान्यात जायचं उद्यावर ढकलतो. २००४ साली ५२ देशांतल्या हृदयविकाराच्या रुग्णांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात तंबाखू, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या रांगेत मानसिक-सामाजिक ताणही बसला.

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर हे पुस्तक वाचणाऱ्याशी बेइमानी होईल. डिसेंबर २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या सात लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास आला. किती सुखी आहात, असं त्यांना विचारून पुढे सुमारे दहा वर्षं त्यांची नोंद ठेवली होती. नुसतं बघितलं तर दुःखी बायकांमध्ये मृत्यू जास्त. पण त्या आधीच आजारी होत्या का, सिगारेट ओढत होत्या का, हे हिशेबात घेतल्यावर फरक नाहीसा झाला. आजार माणसाला दुःखी करतो आणि आजारच माणसाला मारतो; दुःख स्वतः मारत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो ठळक मथळ्यांत छापला.

मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, आणि त्यात एक गाठही दिसते. आधीचा आजार हिशेबात घेताना संशोधकांनी त्या बायकांनी स्वतःच्या तब्येतीबद्दल काय सांगितलं तेही धरलं होतं. म्हणजे वढूच्या ओसरीवर विचारलेला तोच प्रश्न. त्या उत्तरात काय काय मिसळलेलं असतं ते पाहा. करडे किंवा न्हावऱ्याच्या एखाद्या आजोबांना तब्येत विचारली तर उत्तर देण्याआधी क्षणभर ते थांबतात. त्या क्षणात गुडघा असतो, जिना चढताना लागणारी धाप असते, रात्री किती वेळा उठावं लागलं ते असतं. शिवाय पुण्याला गेलेल्या मुलाचा फोन आला की नाही, घरात आपल्याला कुणी काही विचारतं की नाही, यंदा कांद्याला काय भाव मिळाला, हेही असतं. या सगळ्यांची बेरीज करून ते म्हणतात, “मध्यम.” या बेरजेतून सुखदुःख वेगळं काढता येत नाही. ते काढल्यासारखं करून उरलेल्या सुखाचा परिणाम शोधला तर तो सापडणार कसा? अनेक संशोधकांनी त्या अभ्यासावर हाच आक्षेप घेतला आणि मला तो पटतो. पण त्या अभ्यासाने एक खोटा समज कायमचा मोडला याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. नुसतं हसत राहिल्याने आयुष्य वाढतं, हा तो समज.

हा समज निरुपद्रवी नाही. दवाखान्याच्या भिंतीवर “आनंदी राहा, निरोगी राहा” अशी पाटी असते. कर्करोग झालेल्या बाईला भेटायला आलेले पाहुणे म्हणतात, तू फार विचार करतेस म्हणून हे झालं. मधुमेहाच्या माणसाला सांगतात, टेन्शन घेऊ नकोस. आजाराच्या ओझ्यावर अपराधाचं ओझं. ज्याचं पीक अवकाळीने झोपवलं त्याला आनंदी राहायला सांगणं म्हणजे उपाशी माणसाला पोट भरलेलं ठेवायला सांगणं. सुख ही काही सकाळी उठून करायची कसरत नाही. ते झोपेतून, सोबतीतून, कामातून, भीती नसण्यातून, कुणीतरी आपली वाट पाहत असण्यातून येतं, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी एकट्या माणसाच्या हातात नसतात. त्या गावाच्या, घराच्या, कारखान्याच्या आणि सरकारच्या हातात असतात. या पुस्तकाचं म्हणणं काय, असं कुणी विचारलं तर ते एवढंच आहे.

शिरूरच्या उत्तरेकडची गावं घ्या. घोड, कुकडी आणि चासकमानच्या पाण्याने तिथे ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. बिबट्याला ऊस म्हणजे जंगलच. तिथेच पिलं होतात, तिथेच वाढतात. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात काही आठवड्यांत तीन बळी गेले, त्यांत दोन लहान मुलं आणि एक वृद्धा. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला. बळींची संख्या वर्तमानपत्रात येते. पण त्या पट्ट्यात जी हजारो माणसं जिवंत आहेत, त्यांच्या शरीरात काय चाललं असेल? अंधार पडला की दारं लावून घ्यायची, पोरांना अंगणात सोडायचं नाही, गोठ्यात जनावर हंबरलं की काळीज तोंडाशी. शेतात वाकून काम करणाऱ्या बायका मानेभोवती खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला बसतात. आणि याच माणसांना रात्री पाणी धरायला जावं लागतं, कारण शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन उसाच्या कडेने बारे देत फिरतो. झोप नाही, भीती पुरेपूर, अंगात ॲड्रेनालिनचा पूर. वर सांगितलेली सगळी यंत्रणा इथे रात्रभर चालू असते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. तिच्याकडे आपण ऊर्जा खात्याची योजना म्हणून पाहतो. माझ्या मते शिरूरच्या उत्तर पट्ट्यात ती हृदयविकार आणि रक्तदाब आटोक्यात आणणारी आरोग्य योजनाही ठरू शकते. दिवसा वीज मागणाऱ्या शेतकऱ्याने निवेदनात पिकाबरोबर आपल्या झोपेचाही उल्लेख करावा.

दक्षिणेकडे, पुणे-नगर रस्त्याने खाली आलं की कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश इथून आलेली पोरं एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. पाळी बदलली की झोपायची वेळ बदलते. एक जण कामावर जातो तेव्हा दुसरा त्याच गादीवर अंग टाकतो. पगार गावापेक्षा बरा असतो, पण आजारी पडलं तर कपाळावर हात ठेवायला कुणी नसतं. एकटेपणाचं हे ओझं मोजलं गेलं आहे. २०१० साली १४८ अभ्यासांचा, एकूण तीन लाखांहून अधिक माणसांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की ज्यांची माणसं जोडलेली आहेत त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे निम्म्याने जास्त होती. सिगारेट सोडल्याने जेवढा फायदा होतो, जवळजवळ त्याच तोलाचा हा फायदा. रांजणगावच्या कारखान्यांत कामगारांची दरवर्षी तपासणी होते, कान, डोळे, फुप्फुस बघतात. जेवायला कुणाबरोबर बसतोस, हे कुणी विचारत नाही. विचारावं. दौंडकडे तीच कथा थोड्या वेगळ्या तऱ्हेने चालते: यवत, केडगाव, पाटसहून पहाटेची गाडी पकडून पुण्याला जाणारा आणि रात्री पोरं झोपल्यावर घरी परतणारा चाकरमानी.

दौंड तालुक्याजवळ मात्र या विषयातलं एक जुनं आणि मोठं उदाहरण आहे, आणि त्याच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. केडगाव. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपासमारीने हाडं उरलेल्या मुली आणि बालविधवा घेऊन आल्या. १८८९ साली त्यांनी काढलेलं शारदा सदन तेव्हा पुण्यात होतं. प्लेगच्या त्या काळात इतक्या मुलींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर वस्ती उभी राहिली आणि तिचं नाव मुक्ती पडलं. रमाबाईंना उपासमार पुस्तकातून कळली नव्हती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती.

केडगावला आलेल्या मुलींना आधी अन्न, कपडे आणि औषध मिळालं. ते सर्वांत आधीच हवं. भुकेल्या शरीराला समजुतीचे शब्द भरवता येत नाहीत. पण रमाबाई तिथे थांबल्या नाहीत. विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग आले, छापखाना आला, आणि ही सगळी कामं त्याच मुली करू लागल्या. रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने अंध मुलींना ब्रेल शिकवायला सुरुवात केली. ज्यांना घराने टाकलं होतं, पांढऱ्या पायाची म्हणून हिणवलं होतं, त्यांच्या हाताला काम आलं आणि त्यांच्यावर कुणीतरी अवलंबून राहू लागलं. रमाबाईंच्या ख्रिस्ती धर्मकार्याबद्दल महाराष्ट्रात तेव्हाही वाद झाले, आजही होतात. तो वाद बाजूला ठेवून मी फक्त एवढं पाहतो की मोडलेलं शरीर आणि मोडलेलं मन यांची दुरुस्ती त्यांनी एकाच वेळी, एकाच आवारात केली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावलाच वारल्या. त्यांचं काम तिथे आजही चालू आहे. मानसिक आरोग्याच्या आजच्या कार्यक्रमांत गोळी आणि समुपदेशन असतं, आणि ते असायलाच हवं. काम आणि जबाबदारी मात्र बहुतेक वेळा विसरली जाते. म्हाताऱ्या माणसाच्या हातून आपण एकेक काम काढून घेतो, प्रेमानेच, आणि मग तो झुरतो तेव्हा वयाला दोष देतो.

याच तालुक्यातून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. यवतला मुक्काम, मग वरवंडला. यवतचं गाव त्या रात्री वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी करतं. घराघरांतून भाकरीच्या चळती येतात, मोठाल्या कढयांत पिठलं रटरटतं. वारीत चालणाऱ्यांपैकी कितीतरी जण साठीच्या पुढचे. पायांना फोड, अंगावर पाऊस, उघड्यावर झोप. वैद्यकीय दृष्टीने बघितलं तर यातून माणूस आजारी पडून यावा. पण घरी आलेली म्हातारी सांगते, बरं वाटतंय. वारीवरचा नाही, पण अलाहाबादच्या माघ मेळ्यावरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. महिनाभर थंडीत गंगेच्या वाळवंटात राहून आलेल्या यात्रेकरूंनी घरी परतल्यावर आपली तब्येत आणि मनःस्थिती आधीपेक्षा चांगली असल्याचं सांगितलं. त्यांच्याच गावांतल्या न गेलेल्या माणसांमध्ये तसा फरक दिसला नाही. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी त्याचं मुख्य श्रेय दिलं ते आपण सगळे एक आहोत, अडलं तर शेजारचा हात देईल, या भावनेला. वारकऱ्यांचा असा अभ्यास यवत-वरवंडच्या वाटेवर कुणीतरी करावा अशी माझी फार इच्छा आहे. पिठलं करणाऱ्यांचाही करावा. देणाऱ्याच्या शरीराला काय मिळतं, हेही कळू द्या.

बायकांबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं. वढूमध्ये आणि त्या आठ देशांपैकी बहुतेक ठिकाणी बायकांनी आपली तब्येत पुरुषांपेक्षा वाईट सांगितली, आणि जगतात मात्र त्या पुरुषांपेक्षा जास्त. त्यांच्या उत्तराकडे कुरकुर म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. दवाखान्यात येणारी बाई उदास वाटतं असं क्वचितच म्हणते. अंग दुखतं, डोकं जड राहतं, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, हातापायांत जीव नाही, असं म्हणते. मग तिला सलाईन लावतात. दोन दिवस बरं वाटतं, कारण त्या दोन तासांत ती आडवी पडलेली असते आणि तिच्याजवळ कुणीतरी बसलेलं असतं. या तक्रारींमागे उदासीनतेचा आजार असू शकतो आणि तो ओळखायला आपण शिकायलाच हवं. पण उलट चूकही तितकीच घातक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. थकलेल्या बाईला “मनाला लावून घेऊ नको” म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघा, थायरॉइड बघा. मनाचं नाव पुढे करून शरीराचा आजार अंगावर काढायला लावणं हाही एक अन्यायच आहे.

पुढच्या प्रकरणांत झोप, राग, एकटेपणा, शोक, दारू असलेलं घर, शुश्रूषा करणारी माणसं आणि म्हातारपण असे विषय आहेत. ते क्रमाने वाचावेत असं नाही. ज्याला जे भिडतं ते आधी वाचा. प्रत्येक ठिकाणी पुरावा पक्का कुठे आणि कच्चा कुठे, ते सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

आशाताईंना मात्र एक विनंती इथेच करतो. घरभेटीला जाल तेव्हा वढूचा प्रश्न विचारा, आणि तो एकट्यात विचारा. सुनेला सासूसमोर विचारला तर उत्तर “बरी आहे” असंच येणार, आणि आजोबांना मुलासमोर विचारला तर तेही तेच सांगणार. उत्तर “वाईट” आलं तर समजूत घालायला जाऊ नका. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन बघण्यासाठी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. मग झोप विचारा, जेवण विचारा, घरात कुणाशी बोलणं होतं ते विचारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं झालं आहे असा एखादा शब्द जरी तोंडून गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.